नऊ जणांची नोंद

मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली, असे परंपरा सांगते. त्यांतले एक निरोष्ठ रामायण. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारायची अक्षरे त्यात वर्ज्य. म्हणजे ज्याची कथा सांगायची त्याचे 'राम' हे नावसुद्धा घ्यायचे नाही, आणि तरी रामकथाच सांगायची. पैठणच्या एकनाथांचे 'भावार्थ रामायण' वेगळे. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीत तर सीतेचे देऊळ आहे, रामाविना. लव-कुशांसाठी तिने पसाभर गहू मागितला, गावाने दिला नाही, तेव्हा इथे गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला, अशी तिथली कथा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो, तो दळणाऱ्या बाईच्या स्वतःच्या सासुरवासाला जोडून.

रामकथा या देशात कधीच एकच नव्हती. आपल्या आज्यांना हे सांगावे लागले नसते. पण हेच एका विद्यापीठाच्या वर्गात सप्रमाण मांडणारा निबंध अभ्यासक्रमातून काढून टाकण्यात आला. ती हकिकत मला पुन्हा सांगावीशी वाटते, कारण विद्यापीठाचे स्वातंत्र्य नेमके कुठे हरवते ते तिच्यात स्पष्ट दिसते.

ए. के. रामानुजन मूळचे म्हैसूरचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढे शिकागो विद्यापीठात आयुष्यभर शिकवले. रामायणाच्या तीनशे रूपांविषयीचा त्यांचा निबंध १९८७चा. पॉला रिचमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात तो १९९१ मध्ये आला. सुरुवातीला एक लोककथा आहे. रामाची अंगठी भुईतल्या भेगेतून खाली पडते, ती शोधायला हनुमान पाताळात उतरतो. तिथला राजा त्याच्यापुढे हजारो अंगठ्यांनी भरलेले तबक धरतो आणि यातली तुझ्या रामाची निवडून घे म्हणतो. अंगठ्या सगळ्या सारख्या. प्रत्येक एकेका रामावताराची. या कथेनंतर वाल्मीकींची अहल्या आणि कंबांची अहल्या यांत काय फरक आहे, जैन रामायणातला रावण कसा आहे, कन्नड लोकगीतात सीतेचा जन्म कसा होतो, हे रामानुजन एकेक संहिता उघडून दाखवतात. कथा एका भाषेतून दुसरीत जाते तेव्हा काय टिकते आणि काय बदलते, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यात अवमानाची भाषा कुठेही नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमात हा निबंध होता. फेब्रुवारी २००८ मध्ये जमावाने इतिहास विभागात घुसून तोडफोड केली, विभागप्रमुखांना धक्काबुक्की झाली. रामानुजन १९९३ मध्येच गेले होते, त्यामुळे उत्तर द्यायला लेखक नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि तज्ज्ञांची चार जणांची समिती नेमली गेली. तिघांनी निबंध ठेवावा असे मत दिले, एकाने विरोध केला. ९ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यापीठाच्या विद्वत्परिषदेपुढे विषय आला. परिषदेने तज्ज्ञांचे बहुमत बाजूला ठेवले आणि निबंध वगळला. विरोध नोंदवणारे सदस्य अवघे नऊ होते.

माझे मन तोडफोडीपाशी रेंगाळत नाही. जमावाला वाचायचे नव्हते, त्याने ते लपवलेही नाही. मला अस्वस्थ करते ती बैठक. तिथे बसलेले सगळे शिकलेले, आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'मूळ ग्रंथ वाचा' म्हणून सांगितलेले. अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार परिषदेचाच, हे मान्य. अभ्यासक्रम बदलतात, बदललेच पाहिजेत. रामानुजन यांनी अमुक संहिता चुकीची वाचली असे दाखवून निबंध वगळला असता, तर ते विद्येचेच काम झाले असते. पण ज्यांना विषय कळतो त्या चौघांपैकी तिघांचे उत्तर हाती असताना ते बाजूला पडले. दारावर जे दगडांनी साधले नाही, ते आत विषयपत्रिकेवरच्या एका ठरावाने साधले.

मुंबईत वर्षभर आधी हेच घडले होते. रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाने अभ्यासक्रमातून काढली. विद्यार्थी संघटनेने मागणी केली, प्रती जाळल्या गेल्या आणि कुलगुरूंनी तातडीच्या प्रसंगासाठी असलेला आपला विशेष अधिकार वापरला. १९९१ पासून वाचली जाणारी कादंबरी २०१० मध्ये कोणती तातडी निर्माण करते, हा प्रश्न तसाच राहिला.

केरळातल्या तोडुपुळा येथील मल्याळमचे प्राध्यापक टी. जे. जोसेफ यांची गोष्ट याहून भीषण आहे. परीक्षेत विरामचिन्हे घालण्यासाठी त्यांनी दिलेल्या एका उताऱ्यावरून प्रेषितांचा अवमान झाल्याचा आरोप झाला. जुलै २०१० मध्ये धर्मांध हल्लेखोरांनी त्यांचा उजवा हात तोडला. पुढे महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाने त्यांना नोकरीतून काढले. न्यायालयाने आरोपातून मुक्त केल्यावर त्यांना परत घेतले गेले, तेही निवृत्ती काही दिवसांवर आली असताना. इथे धर्म वेगळा, राज्य वेगळे, भाषा वेगळी. संस्थेने आपल्याच माणसाची साथ सोडणे मात्र तेच.

विद्यापीठातले स्वातंत्र्य म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. दोन्ही सख्खी भावंडे असली तरी एक नव्हेत. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने चौकात बोलण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला दिला आहे. तिथे पुरावा मागितला जात नाही. वर्गात आणि प्रबंधात तो मागितला जातो. शिक्षकाला वाटेल ते बोलता येत नाही. आधार द्यावा लागतो, सहकाऱ्यांनी केलेली चिरफाड सोसावी लागते, चूक दाखवली तर मागे घ्यावी लागते. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त होती. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने मान डोलवावी इतके नीट मांडायचे आणि मगच खंडन करायचे. ही बंधने इतकी कडक आहेत म्हणूनच बाहेरचे बंधन तिथे नको. निष्कर्ष आधीच ठरवून दिला, तर पुराव्याला काही काम उरत नाही.

या स्वातंत्र्याला पोटाचीही बाजू आहे. अमेरिकेत १९०० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ एडवर्ड रॉस यांना संस्थापकांच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांच्या नाराजीमुळे जावे लागले. रॉस यांची आशियाई स्थलांतरितांविषयीची मते वंशद्वेषाची होती, ती आज वाचताना संताप येतो. तरीही त्यांना असे घालवण्याचा निषेध म्हणून काही सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. त्यांतलेच आर्थर लव्हजॉय यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये अमेरिकी प्राध्यापकांची संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष कोलंबिया विद्यापीठाचे जॉन ड्युई. त्या वर्षी कोलंबियात शिकत असलेला आणि ड्युईंना आयुष्यभर गुरू मानणारा एक विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या अध्यक्षीय भाषणातला मजकूर बदलायला सांगितला. त्यांनी नकार दिला. अधिवेशन रद्द झाले आणि ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. 'जातिभेद निर्मूलन' आपल्यापर्यंत आले ते असे.

बाबासाहेबांचे धैर्य प्रत्येक शिक्षकाकडून मागता येत नाही, मागूही नये. संस्था असतात त्या यासाठीच, की साध्या माणसालाही खरे बोलायला असामान्य धैर्य लागू नये. आज महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत असंख्य प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवतात. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, हे जूनपर्यंत कळत नाही. अशा एका तरुण सहकाऱ्याने मला सांगितले होते, की मध्ययुगीन इतिहासातला एक भाग तो हल्ली 'घरी वाचा' म्हणून सोडून देतो. वर्गात कुणी मोबाइलवर चित्रण केले तर काय, ही भीती. त्याला कुणी धमकावले नव्हते. त्याच्यावर कसली बंदीही नव्हती. त्या पानांपुरता त्याचा वर्ग मुका झाला होता, एवढेच. अशा सोडलेल्या पानांची नोंद कुठल्याच इतिवृत्तात होत नाही.

'मुले कोवळी असतात, त्यांना हे झेपणार नाही' असे म्हटले जाते. अठराव्या वर्षी जो सरकार निवडतो, त्याला दोन रामायणांतला फरक झेपत नाही, हे मला पटत नाही. 'भावना दुखावतात' हे मात्र खरे आहे. दुखावतात, आणि शिक्षकाने त्याची जाण ठेवूनच शिकवले पाहिजे. ज्या विद्यार्थ्याला वाईट वाटले त्याला वर्गातच उठून बोलता आले पाहिजे, आणि शिक्षकाने त्याचे सगळे ऐकून घेतले पाहिजे. पुस्तक काढून टाकले की त्याची बोलण्याची संधीही जाते. पुण्याच्या भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी हल्ला झाला, त्यानंतर ज्या पुस्तकामुळे तो झाला त्यावर राज्य सरकारने बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती टिकू दिली नाही. तरी त्या पुस्तकातले दोष पुराव्यानिशी दाखवण्याचे काम जितक्या मोकळेपणी व्हायला हवे होते, तितके झाले नाही. न्यायालय बंदी उठवू शकते, वाद पुन्हा सुरू करून देऊ शकत नाही. ते काम विद्यापीठाचेच आहे.

दिल्लीच्या त्या बैठकीतले नऊ जण हरले. निबंध परत आला नाही. तरी मला त्यांचे मोल वाटते, कारण निर्णय एकमताने झाला असे आता कुणालाही म्हणता येत नाही. आपल्या विद्यापीठांतल्या परिषदांवर, अभ्यासमंडळांवर बसणाऱ्यांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. मोर्च्यात या असे मी म्हणत नाही. समोर आलेले पुस्तक आधी वाचा. पटले नाही तर कारण लिहा. पटले, तर विरोध नोंदवा आणि तो इतिवृत्तात आला आहे ना, हे पुढच्या बैठकीत तपासा. उद्या एखादी विद्यार्थिनी ते इतिवृत्त उघडून विचारेल, हे का काढले होते? तिला उत्तर सापडले पाहिजे. निदान, तेव्हाही कुणीतरी हाच प्रश्न विचारला होता, एवढे तरी.