जिंकण्यासाठी बाहेरचे पैसे

हरण्यासाठी पैसे घेणे वाईट, याविषयी दुमत नाही. परंतु एखाद्या तिसऱ्या संघाने स्वतःच्या फायद्यासाठी, “तुम्ही अमक्याला हरवा, आम्ही बक्षीस देऊ,” असे म्हटले तर? जिंकणे हे खेळाडूचे कर्तव्यच आहे. मग यात पाप ते कोणते? शब्बाथशाळेतील मोठ्या मुलांनी असे विचारल्यास शिक्षकांनी प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

जर्मनीत १९७१ साली या प्रश्नाची कसोटी लागली. ५ जून हा व्यावसायिक फुटबॉलच्या मोसमाचा शेवटचा दिवस. बीलेफेल्ड व ऑफेनबाख हे संघ पहिल्या श्रेणीत टिकण्यासाठी धडपडत होते. बीलेफेल्डची गाठ बर्लिनच्या हर्था संघाशी होती. ऑफेनबाखचे अध्यक्ष कानेलास यांनी हर्थाच्या खेळाडूंशी जिंकण्याच्या बक्षिसाची बोलणी केली. बीलेफेल्डकडून हरण्यासाठी अडीच लाख मार्क आले. हर्था हरला आणि ऑफेनबाख खालच्या श्रेणीत गेला. दुसऱ्याच दिवशी कानेलास यांनी वाढदिवसाच्या पाहुण्यांना फोनवरील बोलण्याची ध्वनिफीत ऐकविली. आपण पुरावा गोळा करीत होतो असे त्यांचे म्हणणे. तरी बंदी त्यांच्यावरही आली. ब्राउनश्वाइगच्या खेळाडूंनी तर जिंकण्यासाठीच बाहेरचे पैसे स्वीकारले होते. तेही दोषी ठरले.

यावरून आम्हांस असे दिसते की, बाजार एकच आहे. ज्याने जिंकण्याची किंमत सांगितली, त्याने आपला खेळ विक्रीस मांडला. पुढे अधिक कोण देतो, एवढेच पाहावयाचे उरते.

कोणी म्हणेल, सौंसर-लोधीखेड्याकडे जत्रेतील कुस्तीच्या फडात गावकरी इनाम लावतातच ना? लावतात, पण ते सर्वांसमक्ष पुकारले जाते, आणि दोघांपैकी जो जिंकेल त्यालाच मिळते. येथे मात्र पैसा एकाच बाजूला, गुपचूप, आणि ज्याचा स्वार्थ भलत्याच ठिकाणी गुंतला आहे अशाकडून येतो.

गेहजीची गोष्ट मुलांना ठाऊक आहे. नामान बरा झाला होता, कामही चांगलेच होते. तरी अलीशाने नाकारलेली देणगी गेहजीने खोटे बोलून घेतली व लपविली. चांगल्या कामाचा पैसा म्हणून ती निर्दोष ठरली नाही.

कायद्याचे म्हणाल, तर स्पेनच्या फुटबॉल महासंघाने आपल्या नियमांत असे बक्षीस निषिद्ध ठरविले आहे. आपल्याकडे क्रिकेटमधील सामना-निश्चितीच्या एका खटल्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये म्हटले की, हे दंड संहितेच्या ४२० कलमाखालील फसवणुकीत बसत नाही. शिस्तीची कारवाई क्रिकेट मंडळाने करावी. पण कायद्याच्या पकडीत न येणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे.

म्हणून आम्ही मुलांना दोनच प्रश्न शिकवावे: हा पैसा मैदानावर सर्वांना ऐकू जाईल असा पुकारता येईल काय? आणि तो घेतल्यावर मी कोणाचा चाकर झालो? ही कसोटी मैदानापुरती नाही. आपले नेमलेले काम करण्यासाठी कचेरीत बाहेरून “चहापाणी” घेणाऱ्यासही तीच लागू आहे.