नाकाची साक्ष

आज एका लहानशा क्षणापाशी बसायचं आहे. त्यात पुष्कळ काही दडलेलं आहे, म्हणून घाई नको. हातातलं काम बाजूला ठेवा, पाठ टेकवा. श्वासाला वळण लावू नका. तो नाकातून आत जातो आहे एवढंच लक्षात असू द्या, कारण आजचं मनन नाकाबद्दलच आहे.

न्यूयॉर्कमधलं एक महागडं रेस्तराँ डोळ्यांसमोर आणा. मंद दिवे, कडक इस्त्रीचे टेबलक्लॉथ, पातळ काचेचे उंच ग्लास. एक तरुण मुलगी बाटली घेऊन येते आहे. ती सोमेलिए आहे. तळघरातल्या वाइन्सची निवड आणि देखभाल, कोणत्या पदार्थाबरोबर काय जाईल याचा सल्ला, टेबलावरची वाढप, हे सगळं तिचं काम. बाटली उघडून तिने बूच पाहिलं आहे, थोडी वाईन स्वतः हुंगून, चाखून घेतली आहे. वाईन निर्दोष आहे. ती यजमानाच्या ग्लासात घोटभर ओतते. पन्नाशीचे ते गृहस्थ ग्लास नाकाशी नेतात न नेतात, सोबत्यांकडे पाहतात आणि म्हणतात, "ही खराब आहे. तुमच्याकडे कुणी जाणकार माणूस असेल तर त्याला पाठवा."

इथे थांबा. लगेच तिची बाजू घेऊ नका, त्यांच्यावर चिडूही नका. असे प्रसंग या धंद्यात नवे नाहीत. त्या दोघांच्या मधे आता काय उभं राहिलं आहे, ते फक्त पाहा.

वाईनला बुचाचा दोष लागतो म्हणजे काय होतं, ते आधी सावकाश समजून घेऊ. बूच झाडाच्या सालीपासून बनतं. त्या सालीत क्लोरीनयुक्त संयुगं शिरली आणि बुरशीने त्यांच्यावर काम केलं, की ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं रसायन तयार होतं. त्याला ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट तळघरासारखा वास येतो. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी सरावलेल्या नाकाला ते कळतं, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश. २०१३ मध्ये ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी याची आणखी एक करणी दाखवून दिली. हे रसायन गंधपेशींमधून निघणारे संदेशच दाबून टाकतं. म्हणजे ते वाईनमध्ये नुसता कुबट वास मिसळत नाही, तर हुंगणाऱ्याचं नाकच मंद करतं. फळांचा, फुलांचा, मसाल्यांचा वास वाईनमध्ये असूनही पोचत नाही.

ही गोष्ट मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून द्या. पुढे लागेल.

म्हणजे टेबलावरचा वाद आवडीनिवडीचा नाही. बाटलीत ते रसायन आहे की नाही, याला खरं उत्तर आहे, आणि ते उत्तर देण्यासाठीच त्या मुलीने नाक तयार केलं आहे. मास्टर सोमेलिए या पदवीच्या परीक्षेत सहा वाइन्स समोर ठेवतात. पंचवीस मिनिटांत त्या हुंगून, चाखून, प्रत्येकीचं द्राक्ष कोणतं, देश कोणता, प्रांत कोणता, साल कोणतं, हे तोंडी सांगायचं असतं. त्यासाठी लोक वर्षानुवर्षं घालवतात. नकाशे पाठ करतात, मातीचे प्रकार पाठ करतात आणि रोज हुंगतात. तयार नाक म्हणजे साठवलेल्या वासांची प्रचंड मोठी आठवण असते.

आता समोरच्या गृहस्थांकडे वळू या. त्यांना नेमकं काय जाणवलं असेल?

२००१ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी पांढरी वाईन दिली आणि मग तीच वाईन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली. रंगवलेल्या वाईनचं वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाईनसाठी वापरतात ते शब्द वापरले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच जाणवलं होतं. डोळ्यांनी जे आधी ठरवलं, त्याला नाकाने मान डोलावली. या प्रयोगाचं तात्पर्य लोक सहसा असं काढतात की वाईनची जाण म्हणजे सगळं थोतांड. मला ते पटत नाही. मला त्यात दुसरीच, जास्त गंभीर गोष्ट दिसते. ग्लासातला रंग जर नाकाला फसवत असेल, तर ग्लास भरणाऱ्या व्यक्तीचं वय, तिचा आवाज, तिचं बाईपण हे सगळं किती खोलवर फसवत असेल? त्या गृहस्थांना ती वाईन खरोखरच खराब लागली असेल, हे शक्य आहे. त्यांच्या डोळ्यांनी बाटली उघडण्यापूर्वीच निकाल दिला होता.

या विचाराबरोबर दोन-चार श्वास राहा. तो अंगावर येतो, कारण त्यात आपणही सापडतो. ज्या बाईने नीट तपासून काही सांगितलं आणि आपण तरीही "साहेबांना एकदा विचारू" म्हणालो, अशी कुणी डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतली अधिकारी आठवते का? आठवली तर तिचा चेहरा थोडा वेळ समोर असू द्या.

आता तिच्या जागी जाऊन उभे राहा. हातात बाटली आहे. नाक सांगतं आहे की वाईन उत्तम आहे. ओठांनी मात्र म्हणायचं आहे, "माफ करा सर, दुसरी आणते." रेस्तराँची तशी रीत आहे आणि पाहुणचाराचा धर्मही तोच सांगतो. त्याच्यामागे पैशाचंही गणित आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराचं किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर थांबलेलं आहे. न्यूयॉर्कसारख्या राज्यांत ते जास्त असलं, तरी घराचं भाडं टिपेवर अवलंबून असणारे पुष्कळ आहेत. टिप देणाऱ्याची मर्जी सांभाळायची म्हणजे त्याचं म्हणणं सांभाळायचं, विनोद सांभाळायचे, खांद्यावरून कमरेकडे सरकणारा हातही सांभाळायचा.

एका रात्रीचं दुःख असतं तर ते ओसरलं असतं. पण तिचं एकमेव हत्यार म्हणजे स्वतःच्या जाणिवेवरचा विश्वास. स्वयंपाक्याचा सुरा कुणी पळवला तर सगळ्यांना दिसतं. हिचं हत्यार मात्र हातातच राहतं आणि रोज थोडं बोथट होतं. खरं ओळखायचं, उलट बोलायचं, पुन्हा खरं ओळखायचं, पुन्हा उलट बोलायचं. असं करता करता एक दिवस चांगली वाईन हुंगताना तिच्याच मनात येतं, आपलं चुकत तर नसेल? ओसाकाच्या संशोधकांनी जे रसायनाबद्दल सांगितलं, ते इथे आठवा. वास तिथेच असतात, नाकही तिथेच असतं, मधला संदेश दाबला जातो.

व्हिक्टोरिया जेम्स यांनी हे आतून पाहिलं आहे. न्यू जर्सीमधल्या एका साध्या खाणावळीत तेराव्या वर्षी त्या वाढपाचं काम करू लागल्या, आणि एकविसाव्या वर्षी मॅनहॅटनच्या ऑरिओल रेस्तराँमध्ये सोमेलिए झाल्या. देशातल्या सर्वांत तरुण सोमेलिए म्हणून त्यांचं नाव झालं. २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या 'वाईन गर्ल' या आत्मकथनात त्यांनी या कौतुकाच्या आतली बाजू मांडली. त्यात पाहुण्यांनी केलेले अपमान आहेत, वरिष्ठांची वागणूक आहे आणि त्याहून वाईटही पुष्कळ आहे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एक तपास छापला. मास्टर सोमेलिए पदवीधारक पुरुषांनी लैंगिक छळ केल्याचं, फायदा उठवल्याचं, हल्ला केल्याचं २१ स्त्रियांनी सांगितलं. तोवर अमेरिकेत ही पदवी मिळवलेल्या १५५ जणांपैकी १३१ पुरुष होते. या आकड्यांकडे सावकाश पाहा. दुर्मिळ बाटल्या महाग असतात. त्या चाखल्याशिवाय नाक तयार होत नाही आणि त्या उघडतात पदवी मिळवलेले लोक. चाखायला बोलावणारे तेच, शिफारस करणारे तेच, परीक्षेला समोर बसणारेही तेच. एका दाराच्या सगळ्या किल्ल्या थोड्या हातांत असल्या की 'नाही' म्हणण्याची किंमत फार चढते. गुरूच्या पायाशी बसून शिकण्याची परंपरा आपल्याकडेही आहे, म्हणून ही रचना आपल्याला परकी वाटू नये. पुढे ही पदवी देणाऱ्या संस्थेचं संचालक मंडळ नव्याने निवडलं गेलं, अध्यक्षपदी एक स्त्री आली, चौकशीनंतर काही जणांची पदवीही काढून घेतली गेली.

हे सगळं अमेरिकेचं म्हणून दूर सारायचा मोह झाला, तर १९१४ चा पंजाब अबकारी कायदा आठवा. दिल्लीतही लागू असलेल्या त्या कायद्याने, जिथे लोक दारू पितात अशा ठिकाणी स्त्रियांना नोकरी देण्यास बंदी केली होती. कारण दिलं जाई त्यांच्या सुरक्षिततेचं. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलीला शिक्षण होतं, पण बारमागे उभं राहायची परवानगी नव्हती. ती बंदी टिकणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली दिला. बाईला सुरक्षित ठेवण्यासाठी तिची नोकरी काढून घेऊ नये, तिथली परिस्थिती बदलावी, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. त्यानंतर दशकभरातच, २०१६ मध्ये, मुंबईच्या सोनल हॉलंड भारतातल्या पहिल्या मास्टर ऑफ वाईन झाल्या.

शेवटी एक जागा बदलू. आता तुम्ही टेबलाशी बसलेली बाई आहात. लॉस एंजेलिसच्या 'लॉरांजरी' रेस्तराँमध्ये बायकांच्या हाती किमती नसलेलं मेन्यूकार्ड देत असत. १९८० साली एक व्यावसायिक स्त्री आपल्या भागीदाराला तिथे जेवायला घेऊन गेली, बिल तीच देणार होती, आणि किमती मात्र त्याच्या कार्डावर. तिने दावा लावला, रेस्तराँने ती पद्धत सोडली. बाटली बाईने मागवली तरी चाखण्याचा पहिला घोट शेजारच्या पुरुषाच्या ग्लासात पडतो, हे मात्र आजही घडतं. तसं घडलं तर काय म्हणायचं, ते आत्ताच मनात ठरवून ठेवा. "मी मागवली आहे, मला द्या," एवढं पुरे.

व्हिक्टोरिया जेम्स पुढे 'कोट' या कोरियन स्टेकहाउसच्या वाईन विभागाच्या प्रमुख झाल्या. दोन सहकारी स्त्रियांबरोबर त्यांनी 'वाईन एम्पावर्ड' ही संस्था काढली. आतिथ्य व्यवसायातल्या स्त्रियांना आणि गोरेतर लोकांना तिथे वाईनचं शिक्षण फुकट देतात. फुकट असणं फार महत्त्वाचं आहे, कारण मग चाखायला मिळावं म्हणून कुणा वरिष्ठाची मर्जी राखावी लागत नाही.