चार किलोंची चिंता आणि मीजानचे वजन

ज्या अल्लाहने मानवाला मातीपासून घडवून उत्तम रूप दिले आणि त्याच्या अन्नाची सोय जमिनीत व पाण्यात आधीच करून ठेवली, त्याचीच सर्व स्तुती. त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम.



अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. विचारणाऱ्यांत भगिनी अधिक असतात. तरुण मुलेही असतात. हा प्रश्न लठ्ठपणाचा नाही. डॉक्टरांनी तपासून प्रकृती ठीक असल्याचे सांगितलेले असते, रक्तदाब व रक्तातील साखर प्रमाणात असते, वजनही उंचीच्या मानाने योग्य असते. परंतु मनाशी ठरवलेल्या आकड्यापेक्षा ते तीन-चार किलो अधिक असते, आणि तेवढे तीन-चार किलो काही केल्या उतरत नाहीत. मग रात्रीचे जेवण सुटते. दस्तरख्वानावर सारे कुटुंब जेवत असताना एकजण घास मोजत बसतो. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याची वाटी हातात घेतानाही मनात अपराधाची भावना येते. सोमवार-गुरुवारचे नफिल रोजेसुद्धा वजनकाट्याकडे डोळे लावून ठेवले जातात. अशा धडपडीत पुण्य आहे का, आणि ती कोठे थांबवावी, हे दीनच्या प्रकाशात पाहणे आवश्यक आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. ज्याचे वजन खरोखरच आरोग्यास घातक झाले आहे, ज्याला मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखीमुळे डॉक्टरांनी वजन घटवण्यास सांगितले आहे, त्याने हा लेख निमित्त म्हणून वापरू नये. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. तिचे रक्षण करण्यासाठी केलेले कष्ट, योग्य हेतू असेल, तर इबादतच होय. येथे विचार करायचा आहे तो निरोगी माणसाच्या असमाधानाचा.

शरीराच्या रचनेकडे आधी पाहू, कारण तीही अल्लाहच्या निशाण्यांपैकीच एक आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्यावरून डॉक्टर वजनाचा अंदाज घेतात. आपल्या देशातील लोकांसाठी साधारणपणे 18.5 ते 22.9 हा टप्पा निरोगी मानला जातो. 160 सेंटिमीटर उंचीच्या भगिनीसाठी याचा अर्थ सुमारे 47 ते 58 किलो. म्हणजे तिचे वजन 56 असले तरी ती निरोगी टप्प्यात आहे आणि 52 असले तरी त्याच टप्प्यात आहे. मधल्या चार किलोंसाठी जी झोप उडते, तिचा आरोग्याशी फारसा संबंध राहत नाही. शिवाय हे सूत्र ज्या केतले नावाच्या बेल्जियन विद्वानाने एकोणिसाव्या शतकात मांडले, तो संख्याशास्त्रज्ञ होता. त्याच्या अभ्यासाचा विषय मोठ्या जनसमूहातील सरासरी माणूस हा होता. एका व्यक्तीचे भले-बुरे ठरवणारा निवाडा म्हणून हे सूत्र जन्मलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वजन जसजसे घटते, तसतशी शरीराची अन्नाची गरजही घटते, कारण लहान देहाला कमी इंधन लागते. त्याच वेळी भूक वाढवणारी द्रव्ये रक्तात वाढतात आणि तृप्तीचा निरोप देणारी द्रव्ये कमी होतात. दुष्काळात माणूस जगावा म्हणून निर्मात्याने ठेवलेली ही तरतूद आहे. म्हणून पहिले किलो लवकर उतरतात आणि शेवटचे हट्टाने टिकून राहतात. त्यात त्या व्यक्तीच्या इमानाची किंवा निश्चयाची उणीव असते असे नाही. पाणी, मीठ आणि पोटातील अन्न यांमुळेही वजन एका दिवसात किलो-दीड किलोने वर-खाली होऊ शकते. सकाळच्या आकड्यावर दिवसभराची मनःस्थिती टांगणारा माणूस पुष्कळदा केवळ पाण्याच्या चढ-उतारावर हसत-रडत असतो.

अमेरिकेतील मिनेसोटा येथे 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग झाला. ते तरुण स्वेच्छेने त्यात सामील झाले होते. काही महिन्यांतच त्यांचे मन अन्नाच्या विचारांनी व्यापून गेले. चिडचिड व उदासी वाढली, इतर गोष्टींतील रस आटला. विचार करा, ज्या हृदयात अल्लाहचे स्मरण असावे, तेथे दिवसभर भाकरीचा हिशेब चालू राहिला, तर हे नुकसान कोणत्या काट्यावर मोजायचे?

आता दीनची शिकवण पाहू. ती दोन्ही बाजूंनी तोल सांभाळते. दिव्य कुरआनच्या सूरह आराफमध्ये अल्लाहने खाण्यापिण्याची परवानगी दिली आणि त्याचबरोबर मर्यादा ओलांडण्यास मनाई केली. प्रेषित (स.) यांनी शिकवले की पाठीचा कणा ताठ राहील एवढे मोजके घास माणसाला पुरेसे आहेत, त्याहून अधिक खायचेच असेल, तर पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा. दावतीतून उठताना श्वास कोंडेपर्यंत जेवणाऱ्या आपल्या समाजाने ही हदीस रोज आठवावी.

परंतु तोलाचे दुसरे पारडेही आहे. सूरह माइदामध्ये अल्लाहने श्रद्धावंतांना बजावले की त्याने हलाल केलेल्या चांगल्या वस्तू स्वतःवर हराम करून घेऊ नका. भात, तूप, खजूर यांना एखादी व्यक्ती मनोमन ‘पाप’ म्हणू लागते आणि एक घास खाल्ला म्हणून स्वतःला शिक्षा देते, तेव्हा ती नकळत हलाल-हरामची एक नवीनच यादी तयार करत असते. तो अधिकार अल्लाहचा आहे. आजारामुळे किंवा वैद्यकीय सल्ल्याने एखादा पदार्थ टाळणे वेगळे, आपले प्रेषित (स.) न आवडलेला पदार्थ बाजूला ठेवत असत, पण त्यांनी कधीही अन्नाला नावे ठेवली नाहीत.

हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांची घटना सहीह बुखारीत आली आहे. प्रेषितांनी या दोघांना भाऊ-भाऊ बनवले होते. हजरत सलमान आपल्या भावाच्या घरी गेले तेव्हा त्यांना घरातील भगिनी, उम्मे दर्दा (रजि.), अगदी साध्या, मळकट वेषात दिसल्या. विचारल्यावर कळले की पतीला दुनियेत रसच उरलेला नाही. अबू दर्दा यांनी पाहुण्यासाठी जेवण आणले, पण स्वतः रोजा असल्याचे सांगितले. तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही, असा आग्रह सलमान यांनी धरला, तेव्हा त्यांनी तो नफिल रोजा सोडला. रात्रीही ते नमाजसाठी लवकर उठू लागले, तर सलमान यांनी त्यांना पुन्हा झोपवले आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांनी भावाला समजावले की पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या स्वतःचाही हक्क आहे आणि घरच्यांचाही. प्रत्येकाला त्याचा हक्क द्या. हे प्रेषितांच्या कानी गेले, तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असा निर्वाळा दिला.

भगिनींनो, अबू दर्दा (रजि.) तर अल्लाहच्या इबादतीसाठी भुकेले राहत होते, तरीही त्यांना देहाच्या हक्काची आठवण करून देण्यात आली. मग केवळ आरशातील एका रेषेसाठी त्या हक्कावर गदा आणणे कितपत योग्य?

येथे नीयतचा विषय येतो. कर्मांचा आधार नीयतवर आहे, ही हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. रोजा अल्लाहसाठी असतो. त्यातून शरीरही हलके झाले, तर ती अल्लाहची देणगी समजून शुक्र करावा. मात्र रोजाचा प्राणच वजन घटवणे हा झाला, इफ्तारनंतर प्रथम काट्यावर उभे राहावेसे वाटले आणि आकडा न हलल्यामुळे रोजा वाया गेल्याचे दुःख झाले, तर आपण काय कमावले आणि काय गमावले हे तपासावे. रमजानमध्ये वजनासाठी सहरी टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की प्रेषितांनी सहरी करण्याची ताकीद दिली आणि तिच्यात बरकत असल्याचे सांगितले. ती बरकत टाकून मिळवलेला अर्धा किलो फार महाग पडतो.

या चिंतेचा उगम नेहमी त्या व्यक्तीच्याच मनात असतो असेही नाही. पुष्कळदा तो आपल्या जिभेवर असतो. बाळंतपणानंतर माहेरी आलेल्या लेकीला सलामच्या पाठोपाठ ‘किती सुटलीस गं’ हे ऐकावे लागते. निकाहच्या बोलण्यांत मुलीचे शिक्षण व अखलाक मागे पडतात आणि बांध्याची चर्चा पुढे येते. सूरह हुजुरातमध्ये पुरुषांनी पुरुषांची आणि स्त्रियांनी स्त्रियांची टिंगल करू नये, एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नये, अशी स्पष्ट मनाई आहे. ‘जाडे’, ‘ढोल’ ही हाक थट्टेत मारली, म्हणून ती या मनाईतून सुटत नाही.

प्रेषितांच्या घरी याबाबत काय वातावरण होते? हजरत आयशा (रजि.) सांगतात की एका प्रवासात त्यांनी प्रेषितांसोबत धावण्याची शर्यत लावली आणि त्या पुढे गेल्या. काही काळाने त्यांचे अंग भरले, तेव्हा पुन्हा शर्यत झाली आणि प्रेषित (स.) पुढे गेले. त्या दिवशीची ही परतफेड, असे ते म्हणाले. वय व काळानुसार पत्नीचे शरीर बदलले, हे त्या घरात दिसत होते. परंतु त्यातून टोमणा निघाला नाही, खेळ निघाला. पतींनी ही सुन्नतही शिकावी. पत्नीच्या वाढलेल्या वजनाची आठवण करून देण्याऐवजी संध्याकाळी तिच्याबरोबर दोन फर्लांग चालावे.

मग प्रयत्न सोडून द्यावेत का? नाही. प्रेषितांनी बलवान मोमिनला दुर्बल मोमिनपेक्षा श्रेष्ठ म्हटले आहे, आणि अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते, असेही सांगितले आहे. म्हणून मशिदीत पायी जावे. वेळेवर, भूक असताना जेवावे आणि पोट ताणण्यापूर्वी हात थांबवावा. एकाच दस्तरख्वानावर सर्वांसोबत जेवावे. झोप पुरी करावी. काट्यावर रोज उभे राहण्याची सवय असेल, तर ती मोडावी. आठवड्यातून एकदा, नव्हे महिन्यातून एकदाही पुरे. शिस्त आणि ध्यास यांतील फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्या प्रयत्नाने नमाजमधील चित्त, घरातील गोडवा आणि कामातील ताकद वाढते, ती शिस्त. ज्याने या तिन्ही गोष्टी घटतात, तो नफ्सचा फास. एखाद्या मुलीची मासिक पाळी थांबली असेल, तिला चक्कर येत असेल, जेवून उलटी काढण्याची सवय लागली असेल, तर तिला बोल लावू नये. विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. उपचार घेणे ही प्रेषितांचीच शिकवण आहे.

यासाठी दुआ मागावी का, असेही विचारतात. अवश्य मागावी, बंद्याची कोणतीही गरज अल्लाहपुढे क्षुल्लक नाही. पण जी दुआ प्रेषितांनी शिकवली तिचा आशय पाहा: जसे माझे रूप तू चांगले घडवलेस, तसा माझा स्वभावही चांगला कर. म्हणजे रूपाचे काम पूर्ण झाले आहे आणि त्याबद्दल शुक्र आहे. मागणे आहे ते स्वभावासाठी.

आपल्या मराठीतील ‘वजन’ हा शब्द अरबी ‘वज्न’वरूनच आला आहे, आणि कियामतच्या दिवशी कर्मे ज्या तराजूत तोलली जातील तो ‘मीजान’ही त्याच धातूपासून बनला आहे. अमक्याच्या शब्दाला वजन आहे, असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या देहाचा विचार कोणाच्या मनात येत नाही. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) अत्यंत कृश होते. मिस्वाकसाठी ते झाडावर चढले असता वाऱ्याने वस्त्र हलले आणि त्यांच्या बारीक पिंढऱ्या पाहून काही जण हसले. प्रेषितांनी हसण्याचे कारण विचारले आणि सांगितले की या पिंढऱ्या मीजानमध्ये उहुदच्या डोंगराहूनही जड आहेत. कोणी कृशतेला हसतो, कोणी स्थूलतेला. लोकांचा काटा असाच चुकतो. अल्लाह आपली रूपे व संपत्ती पाहत नाही, तो हृदये व कर्मे पाहतो.

त्या दिवशी कोणाला आपले वजन कमी भरावे असे वाटणार नाही. कुरआनचे एक पान, शेजाऱ्याच्या घरी पोचवलेली एक वाटी, गिळलेला राग, जिभेवर हलके पण तराजूत जड असलेले तस्बीहचे शब्द: यांनी ते पारडे खाली झुकवायचे आहे. निरोगी देह हे त्या कमाईचे साधन आहे. आज तो धडधाकट आहे, तोवर त्याच्याकडून हे काम करून घेऊ या.

हे अल्लाह, आमच्या देहांना आरोग्य दे, आमच्या दस्तरख्वानात बरकत दे, आमच्या जिभांना आवर दे, आमच्या लेकी-सुनांची मने टोमण्यांपासून सुरक्षित ठेव, आणि ज्या दिवशी तुझा मीजान उभा राहील, त्या दिवशी आमचे पारडे जड कर. आमीन.