कारभाऱ्याची वही



आजच्या शुभवर्तमानात (लूक 16:1-13) धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावून हिशेब मागतो. हिशेब मागितल्यावरच त्या कारभाऱ्याला जाग येते. तोवर तो दुसऱ्याचा पैसा उधळत असतो. पुढे प्रभू येशू आपल्याला बजावतो, की लहान बाबतीत जो इमान राखतो, तोच मोठ्या बाबतीतही राखू शकतो.

मध्यंतरी एक माता मला भेटायला आली. तिच्या अकरावीतल्या मुलाने मित्राकडून थोडे थोडे करून चार हजार रुपये उसने घेतले होते. मित्राचे वडील दारात आले तेव्हा घरी कळले. ‘‘फादर, आम्ही त्याला काही कमी केलं नाही,’’ म्हणत ती रडली. मी मुलाला जवळ बसवून विचारले, ‘‘घरचं विजेचं बिल किती येतं? पप्पांचं कर्ज अजून किती वर्षं फेडायचं आहे?’’ त्याला काहीच ठाऊक नव्हते. खाली मान घालून म्हणाला, ‘‘मला कुणी कधी सांगितलंच नाही, फादर. मागितलं की मिळतं, नाहीतर ओरडा मिळतो.’’

तो मुलगा वाईट नाही. त्याला लाड मिळाले, पण कारभार मिळाला नाही.

आपल्या वसईत पूर्वी हे वेगळे शिकवावे लागत नसे. आई वाडीतली फुले-भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाई. ती परतल्यावर पैसे मोजायला मुले भोवती बसत. खताचे किती, शाळेच्या फीचे किती, हे त्यांच्यादेखत ठरे. 1918 साली इथे सुरू झालेली पतसंस्था आज बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून उभी आहे, ती अशाच घरांतल्या पै-पैच्या बचतीवर. आज पैसा डोळ्यांना दिसतच नाही. मोबाईल दाखवला की वस्तू हातात येते. त्यामागचा घाम मुलांना कसा कळावा?

म्हणून पालकांनो, मुलांना महिन्याची ठरावीक रक्कम द्या, मग ती दोनशे रुपये का असेना. मध्येच संपली तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबू द्या. ती तंगी हाच त्यांचा धडा. जमा-खर्चाची वही त्यांनी स्वतः लिहावी. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या सूचनेनुसार दहा वर्षांवरील मुले, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, आपले बचत खाते स्वतः चालवू शकतात. तसे खाते उघडून द्या. आणि कर्जाचा अर्थ आकड्यांत समजावा: क्रेडिट कार्डावर वीस हजार थकले आणि महिन्याला तीन टक्के व्याज लागले, तर पहिल्याच महिन्यात सहाशे रुपये नुसत्या व्याजाचे झाले. कर्जदार सावकाराचा गुलाम होतो, हे नीतिसूत्रांच्या पुस्तकाने (22:7) केव्हाच सांगून ठेवले आहे.

आणखी एक गोष्ट. मिस्सात दानाची पिशवी जवळ येते, तेव्हा आपण घाईघाईने मुलाच्या हातात दहाची नोट कोंबतो. ते दान कुणाचे? आपले! मुलाने फक्त हात पुढे केला. मंदिरातल्या गरीब विधवेने (मार्क 12:41-44) दिलेली दोन नाणी तिची स्वतःची होती, म्हणून ती प्रभूच्या नजरेत भरली. मुलाने आपल्या दोनशेतले वीस बाजूला काढले आणि त्यासाठी एक वडापाव सोडला, तर त्या दिवशी तो खरे दान करायला शिकेल.

त्या मुलाने आता सुट्टीत काम करून पैसे फेडायचे कबूल केले आहे. वडिलांनी ते भरून टाकू नयेत, अशी मीच विनंती केली.

आज रात्री रोझरी झाल्यावर घराची वही मुलांपुढे उघडा. कमाई सांगा, कर्जही सांगा, लाजू नका. आपण कुणीच मालक नाही, सगळे कारभारी आहोत. एके दिवशी तो धनी आपल्यालाही हाक मारील. तेव्हा आपल्या आणि आपल्या मुलांच्या वहीत त्याला गरिबाचेही एक पान सापडो.

प्रभू तुमच्या घरांना आशीर्वाद देवो. आमेन.