जमेची बाजू

आम्ही वर्धा जिल्ह्यात राहतो. येथे 1974 पासून दारूबंदी आहे. दारूपासून मिळणाऱ्या महसुलावर शासनाने येथे पाणी सोडले. लॉटरीवर मात्र तशी बंदी नाही. लोकांना मटक्यासारख्या जुगारापासून दूर ठेवण्यासाठी म्हणून महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 साली सुरू झाली. 1998 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तिकीटविक्रीची रक्कम राज्याच्या खात्यात जमा होते. मुदतीत न मागितलेले बक्षीसही शासनाचेच होते. केरळने 2011 मध्ये 'कारुण्य' लॉटरी काढली, ती गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी.

मग यात वाईट ते काय, असे कुणी विचारील. जुगारात लोकांचा काहीच फायदा नाही, असे कुरआनही म्हणत नाही. सूरह अल-बकराच्या 219 व्या आयतीत दारू आणि जुगार यांचा लाभ मान्य केला आहे. पण त्यांचे पाप लाभाहून मोठे ठरवले आहे. तेव्हा पैसा कुठे जातो एवढेच पाहून भागत नाही. तो कुणाकडून येतो? जकात निसाबाइतकी मालमत्ता असणाऱ्याकडून घेतली जाते, अडीच टक्के. लॉटरी नसणाऱ्याच्या आशेवर चालते. अनेक हरतात, तेव्हाच एक जिंकतो.

आम्हा शिक्षकांचा पगारही शासनाच्या तिजोरीतूनच येतो. तेथे कोणता रुपया कुठून आला, हे ओळखता येत नाही. म्हणून आम्ही स्वतःला वेगळे समजत नाही. पण शाळा-दवाखान्यांचा पैसा ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे उघडपणे कर लावून घ्यावा, एवढे तरी आपण मागावे. सत्कार्याने खर्चाची बाजू उजळते. जमेची बाजू आहे तशीच राहते.