आठ कलांचा फरक

आधुनिक विज्ञानाच्या जन्माची गोष्ट निघाली की कोपर्निकसचे १५४३ सालचे पुस्तक आणि गॅलिलिओची दुर्बीण यांना पहिला मान मिळतो. मिळावाच. मला मात्र या दोहोंच्या मधली, प्रागमध्ये झालेली एक आकडेमोड अधिक मोलाची वाटते.

१६०० साली, तिशीही न गाठलेला योहानेस केप्लर डॅनिश सरदार टायको ब्राहेकडे कामाला लागला. दुर्बीण अजून निघायची होती. तरी टायकोने ह्वेन बेटावर मोठमोठी यंत्रे उभारून, नुसत्या डोळ्यांनी, वीस वर्षे ग्रहांच्या जागा मोजल्या होत्या. चूक फार तर एक-दोन कलांची. आणि साठ कलांचा एक अंश! केप्लरच्या वाट्याला मंगळ आला. आठ दिवसांत सोडवतो, अशी त्याने पैज मारली म्हणतात. गेली पाच वर्षे.

केप्लर कामाला लागला त्याच्या पुढच्याच वर्षी टायको वारला. ग्रह फिरणार ते वर्तुळांच्याच आधाराने, हे ॲरिस्टॉटलपासून कोपर्निकसपर्यंत सर्वांनी धरून चाललेले. केप्लरनेही तसेच गणित मांडले, पुनःपुन्हा केले, आणि ते जवळजवळ जुळले. उरला फरक आठ कलांचा, चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव रुंदीएवढा. टॉलेमीला तो खटकला नसता; त्याच्या काळी दहा कला इकडेतिकडे चालून जात. मोजणाऱ्याची चूक म्हणून केप्लरही सुटू शकला असता. मोजणारा हयात नव्हता, हरकत घ्यायला येणार कोण? पण टायको इतका चुकणार नाही, हे तो जाणून होता. त्याने मोजमाप ठेवले आणि वर्तुळ टाकले.

हा माणूस थंड डोक्याचा बुद्धिवादी नव्हे. पत्रिका मांडून चार पैसे मिळवणारा, ईश्वराने विश्व भूमितीने घडवले या श्रद्धेत आकंठ बुडालेला. मला वाटते, त्या श्रद्धेपायीच त्याला तडजोड चालेना. देवाचे गणित ‘साधारण बरोबर’ कसे असेल? श्रद्धा झटकली आणि विज्ञान जन्मले, ही आपली सोयीची समजूत इथे अडखळते.

वर्तुळानंतर अंड्याचा आकार करून पाहिला, तोही फसला. शेवटी लंबवर्तुळ, त्याच्या एका नाभीवर सूर्य. १६०९ मध्ये ते ‘अस्ट्रोनोमिया नोव्हा’त छापून आले. लंबवर्तुळच का, हे न्यूटनने १६८७ मध्ये सांगितले. गॅलिलिओला मात्र ते कधी रुचलेच नाही. केप्लरशी त्याचा पत्रव्यवहार होता, दुर्बिणीतून दिसलेल्या गोष्टींवरून वाद पेटला तेव्हा केप्लरने त्याची जाहीर पाठराखण केली होती. तरी १६३२ च्या गॅलिलिओच्या ‘संवाद’ ग्रंथात ग्रह वर्तुळातच फिरत राहतात.