नेतृत्व : मक्तेदारी नव्हे, अमानत

हिजरी 11 मध्ये (इ.स. 632) प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सीरियाच्या दिशेने निघणाऱ्या सैन्याची धुरा हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांच्याकडे सोपविली. वय विशीच्या आसपास, वडील गुलामीतून मुक्त झालेले आणि हाताखाली ज्येष्ठ सहाबा. काहींनी घेतलेला आक्षेप प्रेषितांनी (स.) मान्य केला नाही. त्यांच्या निधनानंतर खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) सैन्याला निरोप देताना घोड्यावरील उसामांबरोबर पायी चालले. हजरत उमर (रजि.) मदीनेत हवे होते, त्यासाठी खलिफांनी हुकूम सोडला नाही, तरुण सेनापतीची परवानगी मागितली. जबाबदारीबरोबर अधिकारही खरा असेल, तरच नेतृत्व घडते.

आता हिंजवडीच्या आयटी पार्कलगतचे आपले वाकड पाहा. आठवडाभर कंपनीत मोठी कामे पेलणाऱ्या तरुणाकडून जुम्याला आपण काय मागतो? बहुधा वर्गणी! हिशेब, मुलांचे शिक्षण, गरजूंची मदत यांचे निर्णय मात्र ठरावीक हातांतच राहतात. सुशिक्षित भगिनींचे मत तर क्वचितच विचारले जाते.

‘अनुभव नाही, चूक होईल,’ ही ज्येष्ठांची शंका रास्त आहे. कंपनी चालविणे आणि अल्लाहसमोर जाब देण्याच्या भावनेने समाजाची सेवा करणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परंतु यावरचा उपाय तरुणांना दूर ठेवणे हा नाही. शूरा, म्हणजेच परस्पर सल्लामसलत, हा आहे. ज्येष्ठांनी लगाम सोडावा, सोबत मात्र सोडू नये. अमानत वेळेवर योग्य हाती सोपविणे, हेही नेतृत्वाचेच कर्तव्य आहे.